नळाचा दिवस

पैठणहून शहराकडं जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. बिडकीनचं तिकीट काढलेली एक म्हातारी आणि मांडीवर पिशवी घट्ट धरलेली, बुरख्यातली एक बाई.

“माहेरी आली व्हतीस का, पोरी?”

“हो मावशी. आज अम्मीची जियारत होती, तिसऱ्या दिवसाची. परवा इंतकाल झाला तिचा.”

“अगं बाई. शेवटची भेट तरी झाली का?”

“नाय झाली. भावाचा सकाळीच फोन आला, अम्मी लई आठवण काढतीय म्हणून. पण त्याच दिवशी आमच्या नळाला पाणी येणार होतं. आठ दिवसांनी येतं.”

“शेजारणीला सांगायचं भरायला.”

“तिला तिचंच भरायचं असतं. तासभर पाणी, त्यात सगळे मोटारी लावतात. चुकलं की टँकर.”

“पाणी तर आमच्या धरणातलंच जातं ना तुमच्या शहरात?”

“तिथलंच. अम्मीच्या गच्चीवरून धरण दिसतं.”

“मग निघायचं तसंच.”

“अम्मीच फोनवर म्हणाली, पाणी भर आन् मग ये, मी कुठं पळून चालले. सकाळचं पाणी त्या दिवशी संध्याकाळी आलं. भरून स्टँडवर पोचले, तर भावाचा दुसरा फोन.”



“भरलं का पण समदं?”

“भरलं. दोन्ही टाक्या काठोकाठ. आता घरी जाऊन तेच प्यायचं, मावशी. बुधवारपर्यंत पुरंल.”