दात हाती घेतला तेव्हा

नाही हो साहेब, मोजणीची खुंटी बरोब्बर जागी आहे, तुमच्या माणसांचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं. बसा, चटईवर बसा. धावपट्टी वाढायला हवी, मला कळतं ना! आता येतं ते बारा माणसांचं विमान—वारा फिरला की आलंच नाही. आमच्या वहिनीची लेक राजधानीत, सुवाला नर्स आहे, बापाच्या मातीलासुद्धा पोचली नाही पोरगी. म्हणजे विमानतळाशी माझं वैर नाही.

पण गेल्या वर्षी तुमचे मोठे साहेब आले तेव्हा थोरला भाऊ जाऊन चारच महिने झालेले. आपेनिसा त्याचं नाव. घराण्याचा वडील म्हणून मी पहिल्यांदाच मधोमध बसलेलो. आणि साहेबांनी मागणं मांडताना आमच्या रीतीप्रमाणे देवमाशाचा दात पुढे केला—माझ्यापुढे! साठी उलटली माझी, पण दात आपला नेहमी शेजारी बसलेल्या भावाला. भाऊ असता तर आधी सगळं ऐकून घेतलं असतं, दाताकडे ढुंकून बघितलं नसतं. मी काय केलं? मागणं अर्ध्यावर, आणि दात माझ्या हातात. आमच्यात एकदा दात घेतला की मागणं मान्य, मग ते काहीही असो. टाळ्या पडल्या. मग साहेबांनी उरलेलं सांगितलं—धावपट्टी कुठवर जाणार ते.

वीस वर्षांचा आराखडा म्हणाले. भावाची कबर तिसऱ्या टप्प्यात. म्हटलं, वीस वर्षं! तोवर मीच त्याच्याशेजारी निजलेला असेन, बघतील पुढचे. आणि गेल्या आठवड्यात तुम्ही येऊन सांगता, तिसरा टप्पा आधी घेतलाय, तिकडची जमीन सपाट आहे. सपाट असणारच—आम्हीच केली, त्याला नीट झोपता यावं म्हणून.

परत? येतो ना, दात परत करता येतो. पण भर सभेत उठून सांगावं लागतं, की मी न ऐकताच हात पुढे केला. लाज वाटते हो. ट्रंकेत ठेवलाय, शर्टांखाली. रोज चाचपून बघतो.

आणि वहिनीला काय सांगितलं, विचारा. विचारा ना! लाल फितीच्या खुंट्या बघून म्हणाली, भावोजी, हे काय हो? माझ्या तोंडून गेलं—कुंपण घालणार आहेत, डुकरं माती उकरतात ना, म्हणून. केवढी खूश झाली! परवा तुमच्या माणसांना वाटलं, कुणी बाई खुंटी उपटतेय. उपटत नव्हती. कलली होती, दगडाने ठोकून सरळ करत होती. आणि काल बोटं चाटत खाल्लीत ती नारळाच्या दुधातली मासळी—मी धाडली वाटलं? छे! नवऱ्याच्या कबरीची काळजी घेतात म्हणून तिनं रांधली, तुमच्यासाठी.

असे बघू नका माझ्याकडे.

ती बघा, आलीच टोपली घेऊन. आज कसाव्याचे उकडलेले कंद असणार. आता ती तुमचे आभार मानेल, तुम्ही नुसती मान हलवा, म्हणजे—नाही. थांबा. नकाशा गुंडाळू नका, राहू दे उघडाच. तुम्ही उठा साहेब. उठा म्हणतो ना! ते जेवण तुमचं नाही, माझंही नाही. जा तुम्ही.

ये वहिनी, बस. टोपली नको देऊस माझ्या हातात. आधी ऐकून घे.