सायबाचं होय म्हाराजा

दुबईच्या स्टेडियमात मी देवाला गाऱ्हाणं घातलं, ही गोष्ट शंभर टक्के खरी. आपल्या देशाची कबड्डीची मोठी स्पर्धा तिथे भरवली होती. आयोजक माझा भाचा, आणि मी इब्रामपूरहून गेलेला बिनकामाचा पाहुणा.

पहिल्या सामन्याला दहा मिनिटं उरली, तरी खेळाडू मैदानात उतरेनात. "नारळ फुटल्याबिगर खेळणार न्हाई," कोल्हापूरचा कप्तान म्हणाला. तिथला गोरा मॅनेजर नारळ फोडू देईना. मॅट भिजेल, म्हणे.

भाचा रडकुंडीला आला. "मामा, टीव्हीवाले खोळंबलेत. काय तरी करा."

"माका नुसता गाऱ्हाणा घालूक दी. सायबाक सांग, सगळे म्हणतील ता तूय म्हण. पाहुण्यांचो मान रवता."

मॅनेजर सज्जन माणूस. टाय सारखा करून आमच्यात उभा राहिला.

मी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही पोरा परमुलखात इली आसत, तेंका सांभाळ."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. तोही म्हणाला.

"कोणाचा हाड मोडूक दिव नको."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या सायबान आमका हयच नारळ फोडूक परवानगी दिल्यान."

"होय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

मी लगेच कप्तानाच्या हातातला नारळ घेऊन पळालो आणि मैदानाबाहेरच्या पायरीवर आपटला. मॅनेजर लालबुंद होऊन धावत आला, तेव्हा भाच्याने त्याला 'होय'चा अर्थ सांगितला.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्याला तो ओठ घट्ट मिटून उभा राहिला. हातात मात्र नारळाच्या पाण्यासाठी बादली होती.