ऐन ओहोटीला

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या ओदेतचे कान शेजारच्या दोन आजीबाईंकडे होते.

"बाबा छातीठोकपणे सांगायचे, दोस्तांचं सैन्य येईल ते भरतीलाच. ओहोटीला होडी किनाऱ्याला लावतो तो कोळी कसला!"

"जर्मनांनाही तसंच वाटायचं ना?"

"तर! आणि आले ते ऐन ओहोटीला."

"का गं, लिसियान?"

"जर्मनांनी पाण्यात सुरुंग लावलेले खांब रोवले होते. ओहोटीला ते उघडे पडतात."

"अगं बाई, काय डोकं चालवलंय! होड्या वाचल्या."

"होड्या वाचल्या. पोरं मात्र चारशे पावलं उघड्या वाळूवरून पळाली, समोरून गोळ्या येत असताना. कितीतरी तिथंच पडली. त्यानंतर बाबा त्याच वाळूवर शिंपल्या वेचायला गेले की लाकडी बूट काढून हातात घ्यायचे."

"वाळूत रुततात म्हणून?"

"मीही तेच विचारलं होतं. आयुष्यात एकदाच मारलं त्यांनी मला."