उशिरा पोचलेला कॅमेरा

अमेरिकेत रॉचेस्टरला दातांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी नोरीन बसली होती. ती कॅमेऱ्यांच्या कारखान्यात निर्यातीचे परवाने बघते, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

“बाबा, किर्गिझस्तानच्या त्या बचाव पथकाचं पत्र आलं.”

“अंधारात माणूस दिसतो तो कॅमेरा मागवला होता, तेच ना?”

“तेच. तो बंदुकीवरही बसवता येतो, म्हणून सरकारी परवाना लागतो. मी एकेक कागद मागत राहिले आणि चार महिने गेले.”

“मग?”

“तेवढ्यात त्यांच्या डोंगरात दोघी बहिणी हरवल्या. सापडल्या, पण फार उशिरा.”

“तुला शिव्या घातल्यात का?”

“त्याच तर नाहीत! कॅमेरा पोचला, आभारी आहोत, म्हणतात. बहिणींचं एका ओळीत लिहिलंय.”

“यापुढे जरा सैल सोड की.”

“काल आणखी एका बचाव पथकाची मागणी आली. कागद अगदी चोख. तरी मी त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन लावला.”

“कोणी उचलला?”

“फर्निचरच्या दुकानदारानं. पथकाचं नावही त्यानं कधी ऐकलं नव्हतं.”

“म्हणजे तुझंच बरोबर होतं, पोरी.”

“काल होतं, बाबा.”

“आणि त्या पत्राला काय उत्तर दिलंस?”

“तीनदा लिहायला बसले. शेवटी फक्त त्या दोघींची नावं विचारली.”