दुसरी बाजू, चाळीस मिनिटांत

रविवार, सकाळचे आठ. माझ्या ताईचं स्वयंपाकघर. टेबलाच्या एका टोकाला माझी भाची कोरे कागद पुढ्यात घेऊन बसलेली, दुसऱ्या टोकाला ताई, अंडी उकडताना लावतात ते गजराचं छोटं घड्याळ हातात धरून उभी, आणि मधे मी, समोर निवत चाललेला चहा, आणि मला बोलायला बंदी! मला! तुम्हाला सांगतो, उभं आयुष्य कोर्टाच्या बातम्या लिहिण्यात गेलं माझं, न्यायाधीशांनी डोळे वटारले, वकिलांनी नोटिसा धाडल्या, पण "तू गप बस" असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असेल तर मी बसलो नव्हतो. इथे बसलो. का? तर म्हणे निबंध चाललाय. लीगल स्टडीजचा. चाळीस मिनिटांचा.

हल्ली शाळेतच कायदा शिकवतात, ठाऊक आहे ना? आमच्या वेळी कायदा शिकायला आधी गुन्हा करावा लागायचा. आणि निबंध म्हणजे काय, तर गाय. गाईला चार पाय, गाईला दोन शिंगं, संपला निबंध. गाईला दुसरी बाजू नसायची... असलीच तर शेपटीची. आता तसं नाही चालत. आता यांच्या कायद्याच्या बाईंनी एक कागद छापून दिलाय, तो फ्रिजवर चिकटवलाय, दूध काढायला गेलं तरी डोळ्यांत घुसतो. त्यावर ठळक अक्षरांत एकच वाक्य. दोन्ही बाजू मांडा.

अहो, या एका वाक्याने त्या घराची भाषा बदलली! ताई भांडी घासता घासता ओरडते, "तथापि!" आणि आतून पोरगी जोडून देते, "तथापि, कायद्याचा हेतू लक्षात घेता..." एकदा दूध उतू गेलं, तर भाची म्हणते, एकीकडे पाहता दूध उतू गेलं आहे, दुसरीकडे पाहता लक्ष ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणावर होती हे स्पष्ट नव्हतं. ताईने फडकं फेकून मारलं. हसलो आम्ही. त्या घरात बऱ्याच वर्षांनी तिघं एकदम हसलो, म्हणून सांगितलं.

तर प्रश्न असा होता... हाच प्रश्न येणार, असं बाईंनी सांगून ठेवलेलं... कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर कुठवर? उदाहरणासह चर्चा करा. आता उदाहरण शोधायला ती पोरगी कुठे जाणार? उदाहरण भिंतीवर लावलंय, फ्रेम करून.

माझे भावजी. फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होते. संध्याकाळी पाळी संपता संपता आत गेले, मागे दार बंद झालं, आणि ते उघडलं दुसऱ्या दिवशी सकाळी. एवढंच आहे. याहून जास्त मला रंगवून सांगता येईल, धंदाच होता माझा तो, पण नाही सांगत. दाराला आतून हँडल असायला हवं होतं, ते नव्हतं. हँडलच्या जागी चार भोकं. आणि पंचनाम्यात लिहिलंय, मी स्वतः वाचलंय, त्या हँडलचे चारही स्क्रू बाहेरच्या फळीवर एका चहाच्या कपात सापडले. सांडलेले नव्हते, हरवलेले नव्हते. कोणीतरी जपून ठेवलेले.

केस चालू आहे. चालू म्हणजे काय, तारखा चालू आहेत. आणि आमचे वकील! एका तारखेला त्यांनी भर कोर्टात भावजींचं नावच चुकवलं. भाची शेजारी बसलेली, शाळेच्या गणवेशात. घरी आल्यावर म्हणाली, मी वकील होणार. तेव्हापासून ती काळ्या दगडावरची रेघ. आता लॉ कॉलेजला जायचं तर लीगलचे मार्क पाहतात, आणि लीगलचे निम्मे मार्क निबंधाला, आणि निबंधात घोडं अडलं ते इथे... दोन्ही बाजू मांडा!

पहिली बाजू ती लिहायची, अशी लिहायची, की मला माझ्या तरुणपणच्या बातम्या आठवाव्यात. मग दुसऱ्या पानावर मथळा घालायची, "मालकाची बाजू". आणि थांबायची. कागद कोरा. घड्याळ वाजायचं, ट्रिंग, कागद कोराच. दुसरं उदाहरण घे म्हटलं, तर म्हणे, बाबांना डावलल्यासारखं वाटतं मामा.

मग काय, मी गेलो शाळेत. बाईंशी भांडायला. तुम्हाला सांगतो, भांडायला जाताना मी इस्त्रीचा शर्ट घालतो, सवय आहे. शिक्षकांच्या खोलीत बाई पेपरांच्या गठ्ठ्याआड, एक हात तपासतोय, दुसऱ्या हातात अर्धं बिस्किट. मी सुरू केलं, दोन्ही बाजू, दोन्ही बाजू, आमचे संपादकही हेच करायचे, चोरी झाली तर चोराची प्रतिक्रिया घेतली का? पूर आला तर नदीचं म्हणणं विचारलं का? एका बापाच्या मरणाला दुसरी बाजू असते काय हो बाई? आणि ती पोरीने लिहायची?

बाईंनी बिस्किट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, ही माझी पंचाईत, चढवला असता तर मी जिंकलो असतो. म्हणाल्या, "तुम्ही तिच्याआधी ओरडता, म्हणून तिला लिहिता येत नाही. उद्या ती वकील झाली, तर समोरचा काय बोलणार ते तिला आधी ठाऊक हवं की नको? परीक्षक पेपर तपासतो, घर तपासत नाही." आणि मला म्हणाल्या, त्या खुर्चीवर बसू नका, तिचा पाय मोडलाय. म्हणजे जाता जाता मला वाचवलंदेखील! असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तर तो रविवार. सकाळचे आठ. घड्याळ लावलं. पहिली बाजू झाली. दुसरं पान. मालकाची बाजू. पेन थांबलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने माझ्याकडे न बघता हात वर केला. गप. मग तिने गॅस बंद केला, ओट्याला पाठ टेकली आणि बोलायला लागली. सावकाश, शब्द सुटे करून, जसं शाळेत शुद्धलेखन सांगतात.

"मयत इसम अनुभवी कामगार होता. शीतगृहात दोघांनी मिळून जावं, हा नियम त्यास माहीत होता. तशी सूचना दारावर लावलेली होती. मयताने सूचनेखाली सही केलेली होती. असे असता मयत एकटा आत गेला..."

कंपनीचा वकील! हुबेहूब! तोच सूर, "मयत"नंतर तोच किंचित थांबा, चष्मा सावरल्यासारखा. इतकी वर्षं प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसून हिने काय केलं, तर ते ऐकलं. मी वहीत टिपून घ्यायचो आणि दात खायचो, आणि हिला पाठ झालं होतं. त्या घरात, तुम्हाला सांगतो, ही बाजू कधी कोणी उच्चारली नव्हती. मी तर तिचा उंबरा ओलांडूच दिला नव्हता. आणि ती आधीपासून आतच होती, डब्यांच्या मागे कुठेतरी, ताईने झाकून ठेवलेली.

भाची लिहीत होती. मान खाली, भरभर. ताई सांगत होती, हँडल दुरुस्तीसाठी काढलेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तशी तोंडी कल्पना सर्वांना दिलेली होती, सोबतचा कामगार पाचच मिनिटांत येणार होता, मयताने थांबायला हवं होतं. मग ती क्षणभर थांबली. मला वाटलं, संपलं.

"घाईत होते ते," ताई म्हणाली. आता आवाज वकिलाचा नव्हता. "सकाळी मीच म्हटलं होतं, आज तरी वेळेवर या."

हे कोर्टात कधी आलं नव्हतं. हे मला, सख्ख्या भावाला, बातमीदाराला, ज्याने लोकांच्या पोटातून गोष्टी काढून पोट भरलं, त्याला ठाऊक नव्हतं! चहावर साय धरली होती, तिच्याकडे बघत बसलो.

भाचीने पेन थांबवलं. आईकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, हे लिहिता यायचं नाही. हे रेकॉर्डवर नाही."

"माझ्या आहे," ताई म्हणाली.

"तुझ्या रेकॉर्डवर परीक्षा नाही."

ताईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कोण जाणे. मग घड्याळ उचलून बघितलं आणि विचारलं, "निष्कर्ष राहिलाय ना? लिही. वेळ आहे अजून." आणि गॅस परत पेटवला, रिकाम्या शेगडीवर, वर काही न ठेवता. मीच उठून बंद केला.

पुढे परीक्षा झाली. प्रश्न तोच आला! मी फाटकाबाहेर इस्त्रीचा शर्ट घालून उभा, म्हटलं काही झालंच तर भांडायला बरं. पोरगी बाहेर आली, म्हणाली, दोन्ही बाजू मांडल्या मामा, सारख्या, एक ओळ इकडे नाही की तिकडे नाही. आणि रस्ता ओलांडेपर्यंत माझा हात धरून होती, जो तिने सहावीत सोडला होता.

निकाल लागला. अर्ज करून तपासलेला पेपरही मागवला. मालकाच्या बाजूला पैकीच्या पैकी. हो! "अत्यंत मुद्देसूद," असा शेरा. ताईने तो शेरा दोनदा वाचला आणि पेपर घडी करून ठेवून दिला. बापाच्या बाजूला एक मार्क कमी, भाषा थोडी भावनिक झाली म्हणे. आणि निष्कर्षाला? निष्कर्षाला निम्मे. खाली लाल शाईने, "निष्कर्षात प्रश्न विचारू नये. उत्तर द्यावे."

आता मात्र मी पेटलो! पोरीने शेवटी एकच ओळ लिहिली होती, हँडल कोणी काढलं? मी गेलो परत बाईंकडे. बाईंनी पेपर पाहिला, बराच वेळ पाहिला, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, तपासणी बाहेरची आहे, माझ्या हातात असतं तर... खुर्चीचा पाय अजून मोडलेलाच होता. मी उभ्यानेच परत फिरलो.

लॉ कॉलेजला जागा मिळाली, काठावर, पण मिळाली. परवा तारीख होती. आमच्या वकिलांनी नाव बरोबर घेतलं, कारण भाचीने ते मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हातात दिलं होतं. मग पुढची तारीख पडली. बाहेर आलो, पायऱ्यांवर तिघंही उभी. ताईने विचारलं, आता? आणि मी, एवढा भांडकुदळ माणूस, मला दुसरं काही सुचेना, सवयच लागलीय हो त्या घराची...

एकीकडे पाहता, चारही स्क्रू कोर्टात आहेत, पिशवीत, लेबल लावून, कपासकट. दुसरीकडे पाहता, ते काढून कपात ठेवले कोणी, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.