उद्याची सोडत

चहा घ्या, सांगतो. दादाला जाऊन महिना झाला, पण हे आठवलं की अजून हसू येतं.

माझा थोरला भाऊ दर आठवड्याला लॉटरीचं तिकीट घ्यायचाच. दवाखान्यात पडला तेव्हाही उशाखाली तिकीट होतं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि दादा खर्चाला भिऊन नको म्हणत होता. माझं डोकंच फिरलं. तो झोपलेला बघून तिकिटावरचा नंबर पाठ केला, बाहेर एक चक्कर मारली आणि पळत आत आलो.

"दादा, लागली! पहिलं बक्षीस! तुझाच नंबर, सिरीजसकट!"

दादानं तिकीट काढून नीट बघितलं. "सोडत कधी झाली रं?"

"आत्ताच की! स्टँडावरच्या स्टॉलवर निकाल लावलाय."

"हितं तारीख छापलीया. सोडत उद्या हाय."

मी म्हणालो, "मग उद्या लागंल की!"

दादा इतका हसला, की शेजारचे पेशंट उठून बसले. मग डोळे पुसत म्हणाला, "तू काय ऐकणार न्हाईस. आण तो ऑपरेशनचा कागद, सही करतो. पण बाहेर कुठं बोलू नगंस, पावणं गोळा हुतील."

दादा ऑपरेशनातून उठला नाही. मी कुणाला काही बोललो नव्हतो, तरी पावणं गोळा झालेच.