पाच फुटांचं अंतर

बायको: तेच विचारतेय मी. दोन रोपांत अंतर किती ठेवलंत?

फरशीवाला: ठेवलंय तेवढं. तू आजच घरी आलीयस, जरा स्वस्थ बस ना खुर्चीत. आणि शाल घे नीट. डॉक्टरांनी सांगितलंय, वारा लागू द्यायचा नाही.

बायको: डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं असेल. अंतर किती?

फरशीवाला: दीड फूट.

बायको: दीड फूट! अहो, जुनिपर आहे ते, पालक नव्हे. मी हॉस्पिटलच्या खाटेवरून फोनवर काय सांगितलं होतं?

फरशीवाला: पाच फूट.

बायको: पाच. दोनदा सांगितलं. एकदा तर नर्स सुई टोचत होती, तेव्हा.

फरशीवाला: तेव्हा तू निम्मा वेळ ‘आई गं’ म्हणत होतीस.

बायको: पाच आणि दीडच्या मधे ‘आई गं’ कुठे बसतं?

फरशीवाला: अगं, आधी पाचवरच लावली होती. तुझी शप्पथ. घरापुढच्या एवढ्या मोठ्या उतारावर वीतभर उंचीची मूठभर रोपं, बाकी सगळी माती. टकलावर चार केस राहावेत तसं दिसत होतं.

बायको: दिसणारच. ते झाड उभं वाढतच नाही. जमिनीला धरून आडवं सरपटत जातं. पहिल्या वर्षी नुसती मुळं धरतं, वर काही दिसत नाही. मग हळूहळू पसरतं. एकेक रोप चांगलं पाच-सहा फूट. पाच-सहा वर्षांत सगळा उतार झाकला गेला की तण डोकं वर काढत नाही. बारा महिने हिरवं, पानगळ नाही, झाडलोट नाही. म्हणून तर हेच लावा म्हटलं.

फरशीवाला: माहीत आहे. रोपवाल्यानंही हेच पुराण लावलं होतं.

बायको: मग?

फरशीवाला: मग मी परत गेलो आणि आणखी रोपं घेऊन आलो.

बायको: आणि दाटीवाटीनं कोंबलीत. दोन-तीन वर्षांत एकमेकांच्या उरावर बसतील. आत ऊन नाही, हवा नाही. आतून वाळत जातील. आणि हे झाड आतल्या लाकडापर्यंत वाळलं ना, की तिथून पुन्हा फुटत नाही. गुलाबासारखं नाही, की छाटलं आणि आला कोंब.

फरशीवाला: आता मी पडलो फरशीवाला. जन्मभर लोकांच्या घरात फरशा बसवल्या. मधे मोकळी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. जित्याची खोड...

बायको: हं? पुढे?

फरशीवाला: काही नाही.

बायको: मेल्याशिवाय जात नाही. एवढी साधी म्हण. अडलात कशाला?

फरशीवाला: घसा कोरडा पडला. दुपारपासून उन्हात आहे.

बायको: आणि फरशीचं मला शिकवू नका. गच्चीच्या कामात तुमच्या भागीदारानं फरशा एकाला एक चिकटवून बसवल्या, तेव्हा किती झापलंत त्याला! ‘उन्हानं फरशी फुगते, फट सोडली नाही तर उचकटून वर येते.’ अख्खी गल्ली ऐकत होती.

फरशीवाला: बरं आठवतं तुला.

बायको: मला सगळं आठवतं. फट सोडावी लागते हे तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. आणि तरी तुम्ही सोडली नाहीत. का?

फरशीवाला: चहा टाकू?

बायको: नको.

फरशीवाला: अर्धा कप. आलं घालून.

बायको: बसा इथे पायरीवर. त्या दिवशी मला स्कॅनला नेलं आणि तुम्हाला डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी परत आले तर तुम्ही खाटेशेजारी हसत बसला होतात.

फरशीवाला: मग काय रडत बसायला हवं होतं?

बायको: तुम्ही लग्नाच्या फोटोतसुद्धा हसला नाहीत. रोपं आणायला परत कधी गेलात?

फरशीवाला: झाली उलटतपासणी सुरू.

बायको: दुसऱ्याच दिवशी. पोरगी फोनवर बोलून गेली, बाबा सकाळी सकाळी रोपवाल्याकडे गेलेत म्हणून. म्हणजे डॉक्टरांशी बोलायच्या आधी पाच फूट, आणि बोलल्यावर दीड. हे मला नीट समजावून सांगा.

(तो खुरपं बाजूला ठेवतो. नखांतली माती काढत बसतो.)

फरशीवाला: दमलोय गं मी.

बायको: दिसतंय. मीही दमलेय. म्हणून तर म्हणते, आता लपवाछपवी पुरे. तिला फार ताकद लागते, आणि ती आपल्या दोघांकडेही उरली नाही.

फरशीवाला: औषधानं आता फरक पडायचा नाही म्हणाले.

बायको: हं.

फरशीवाला: देत राहिलो तर नुसते हाल. त्यापेक्षा घरी न्या म्हणाले.

बायको: वाटलंच. निघताना ती खाष्ट नर्ससुद्धा मावशी मावशी करायला लागली. किती?

फरशीवाला: असं नक्की कुणी सांगतं का...

बायको: किती म्हणाले?

फरशीवाला: चार महिने. फार तर पाच.

बायको: पोरीला माहीत आहे?

फरशीवाला: हो.

बायको: जावयांना?

फरशीवाला: हो.

बायको: म्हणजे नवरी सोडून सगळ्या वऱ्हाडाला माहीत.

फरशीवाला: थट्टा नको गं करूस.

बायको: मग काय करू? रडायचंय मला, खूप रडायचंय. पण आत्ता अंगात तेवढं बळ नाही. तुम्ही बोला.

फरशीवाला: काय बोलू? मला वाटलं, तुला एकदा तरी सगळं हिरवं बघायला मिळावं. आजारी पडल्यापासून खिडकीतून हा उतार बघतेस आणि तण माजलं म्हणून हळहळतेस. जवळजवळ लावली तर लगेच भरल्यासारखं दिसेल. पाच फुटांवर लावून पाच-सहा वर्षं थांबायचं, एवढा वेळ कुठे आहे आपल्याला?

बायको: आपल्याला नाही हो. मला नाही.

फरशीवाला: एकच ते.

बायको: एकच नाही. तुम्हाला आहे.

फरशीवाला: मला काय करायचाय तो?

बायको: साखर नाही, बीपी नाही. तुमचे वडील नव्वदीत सायकलवर टांग टाकायचे. सहा वर्षांनी या उतारावर कोण उभं असणार आहे?

फरशीवाला: नको ना.

बायको: तुम्ही असणार. मी माझ्यासाठी नव्हतं सांगितलं हे लावायला. मला खाटेवर पडल्या पडल्या एकच घोर होता, मी गेल्यावर हा उतार तुमच्या गळ्यात पडणार. लोकांच्या फरशांवर गुडघे टेकून टेकून तुमच्या वाट्या झिजल्यात. तण उपटायला वाकलात तर गडगडत थेट खालच्या शेजाऱ्यांच्या दारात. म्हणून कुणाकुणाला विचारून हे शोधलं. एकदा नीट लावलं की विसरून जाता येईल असं. आणि तुम्ही त्याचीच माती केलीत.

फरशीवाला: म्हणजे तुला कळलं होतं?

बायको: अंदाज होता. माझंच अंग आहे, मला कळणार नाही?

फरशीवाला: मग बोलली का नाहीस?

बायको: तुम्ही इतक्या कष्टानं हसत होतात. मोडवेना मला.

फरशीवाला: मला नको ते हिरवं. तू नसताना त्याच्याकडे बघून मी करू काय?

बायको: ते मलाही ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? पण तुम्ही सगळं असंच लावायला लागलात, जणू मी संपले की तुमचंही आटोपलं, तर माझा पाय निघायचा नाही इथून. एवढं ऐका माझं.

फरशीवाला: काय करू सांग.

बायको: मधली काढा.

फरशीवाला: आज?

बायको: आजच. मुळं अजून मातीत शिरली नाहीत, गोळ्यासकट उचलून येतील. वरून उपटू नका, खालून खुरपं घाला. काढलेली पोरीकडे पाठवा. तिच्या अंगणात ऊन आहे.

फरशीवाला: आणि मधे एवढी माती उघडी पडेल ती?

बायको: पडू दे. मला नाही त्याचा त्रास.

फरशीवाला: मला होतो.

बायको: सवय करा.

फरशीवाला: ... हे काढू?

बायको: ते राहू दे, पहिलं आहे. पुढची दोन काढा. हां. आता तिथून मोजा. टेप तर असेलच खिशात.

फरशीवाला: चार फूट दहा इंच.

बायको: दोन इंचांसाठी भांडत नाही. तेवढे तुमचे. पुढचं घ्या. आणि हात चालवता चालवता ऐका. खोड मातीत गाडायचं नाही. बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात. पाणी द्यायचं ते पहिलं वर्षभर, तेही माती कोरडी लागली तरच.

फरशीवाला: हं.

बायको: आणि थंडीत याचा रंग उतरतो. जांभळट, तपकिरी असं काहीतरी होतं. तुम्हाला वाटेल, गेलं. गेलेलं नसतं ते. घाबरून बादल्या ओतत बसू नका, उपटू तर मुळीच नका. थंडी सरली की आपोआप हिरवं होतं.

फरशीवाला: थंडीला अजून पुष्कळ अवकाश आहे. तेव्हा सांग.

बायको: आत्ता सांगतेय ना. ऐकून ठेवा.